बूस्ट पॅडवरून गाडी थेट तलावात: सोलापूर ट्रॅकवरच्या स्पीड बूस्टचं समस्या निवारण

रेसिंग गेममध्ये बूस्ट पॅड, म्हणजे ज्यावरून गेलं की गाडीला जादा वेग मिळतो ती रस्त्यावरची पट्टी, पहिल्या फेरीत झकास लागतो, दुसऱ्या फेरीत त्याच पॅडवरून गाडी गेली तरी काही होत नाही. कधी गाडी जेमतेम ढकलल्यासारखी होते, तर कधी ताशी तीनशेच्या वेगाने कठडा ओलांडून थेट सिद्धेश्वर तलावात. सोलापूरच्या रस्त्यांवर स्वतःचा रेसिंग ट्रॅक बांधायला घेतला की हे दुखणं हमखास भेटतं, आणि पहिला उपायही ठरलेला असतो: स्क्रिप्टमधला (पॅडच्या कोडमधला) बूस्टचा आकडा वाढवायचा. मग मित्राच्या लॅपटॉपवर भलतंच काही होतं, म्हणून तो परत कमी करायचा. आग सोमेश्वरी, बंब रामेश्वरी. या सगळ्या गोंधळात बूस्टचा आकडा बहुतेक वेळा निर्दोष असतो.

खालची उदाहरणं युनिटी या गेम बनवण्याच्या सॉफ्टवेअरमधली आहेत. एक युनिट म्हणजे एक मीटर, गाडीचं वस्तुमान १२०० किलो, बूस्टशिवायचा कमाल वेग सेकंदाला ५० मीटर (ताशी १८० किलोमीटर), रस्ता १० मीटर रुंद. पॅडने वेगात सेकंदाला १२ मीटरची, म्हणजे ताशी साधारण ४३ किलोमीटरची भर घालायची आहे. तुमचे आकडे वेगळे असतील, हिशोब तोच राहील.

आधी तीन आकडे छापून घ्या

कशालाही हात लावण्याआधी पॅडच्या स्क्रिप्टमध्ये तीन वेळा गाडीचा वेग कन्सोलवर छापा: पॅडमध्ये शिरताना, बूस्ट संपल्या क्षणी, आणि त्यानंतर एका सेकंदाने. सोबत पॅडचं नाव आणि ज्या कोलायडरने (टक्कर ओळखण्यासाठी गाडीला लावलेल्या अदृश्य आकाराने) धडक दिली त्याचं नाव. दहा फेऱ्या मारा. नुसत्या डोळ्यांनी बघून 'लागला की नाही' ठरवू नका. कॅमेरा हलला की वेग वाढल्यासारखा वाटतो आणि कॅमेरा स्थिर असला की वाढलेला वेगही जाणवत नाही.

ओळच छापली गेली नाही, तर गाडी पॅडला कळलीच नाही. दोनतीनदा छापली गेली, तर एकाच फेरीत बूस्ट दोनतीनदा लागलाय. दुसरा आकडा ठीक पण तिसरा पडलेला, तर कुणीतरी मागून वेग कापतंय. आणि तिन्ही आकडे अगदी हवे तसे असूनही गाडी तलावात जात असेल, तर दोष पॅडच्या पुढच्या रस्त्यात आहे.

ओळच छापली जात नाही

एकदाही छापली जात नसेल तर कारण किरकोळ असतं. पॅडच्या बॉक्स कोलायडरवर 'इज ट्रिगर'ची खूण (म्हणजे गाडीला अडवायचं नाही, फक्त आत आल्याचं कळवायचं) आहे का, गाडीला रिजिडबॉडी (वस्तुमान आणि वेगाचा हिशोब ठेवणारा भाग) आहे का, प्रोजेक्ट सेटिंग्जमधल्या फिजिक्सच्या तक्त्यात गाडीचा लेयर आणि पॅडचा लेयर एकमेकांना दिसतात का, हे बघा. गाडी आत आली की चालणाऱ्या 'ऑन ट्रिगर एंटर' या फंक्शनच्या नावात एक अक्षर लहानाचं मोठं झालं तरी युनिटी तक्रार करत नाही, गप्प बसते. शिवाय 'प्लेअर' हा टॅग गाडीच्या मुख्य ऑब्जेक्टवर असतो आणि पॅडच्या हाती लागतो तो आतल्या बंपरचा कोलायडर, ज्याला टॅगच नसतो. म्हणून टॅग कोलायडरला विचारू नका. त्याच्या 'अटॅच्ड रिजिडबॉडी'ला विचारा.

क्वचित चुकणारा पॅड जास्त छळतो, त्याची गोष्ट वेगळी. युनिटीचं फिजिक्स मुळात दर ०.०२ सेकंदाने, म्हणजे सेकंदाला ५० वेळा पाऊल टाकतं. ताशी १८० च्या वेगाने गाडी एका पावलात बरोब्बर १ मीटर पुढे सरकते, ताशी २२३ च्या वेगाने १.२४ मीटर. आता समजा गाडीच्या नाकावर २० सेंटीमीटरचा छोटा सेन्सर लावलाय आणि पॅडचा ट्रिगर १ मीटर लांब आहे. दोन्ही मिळून १.२ मीटर. ताशी १८० ला पॅड कधीच चुकणार नाही. पण पहिला बूस्ट घेऊन गाडी दुसऱ्या पॅडवर आली की पाऊल १.२४ मीटरचं, आणि साधारण तीस वेळांत एकदा सेन्सर पॅडच्या अलीकडून थेट पलीकडे. चाचणीत हे सापडत नाही, स्पर्धेच्या दिवशी नेमकं सापडतं.

ओळखण्यासाठी गाडीचा पूर्ण चार मीटरचा बॉडी कोलायडर वापरा. मग पॅड एक मीटरचा असला तरी एकूण लांबी पाच मीटर होते आणि प्रश्न मिटतो. सेन्सरच वापरायचा असेल तर ट्रिगर ४ मीटर लांब करा, दिसणारं पॅडचं चित्र हवं तेवढं छोटं ठेवा. रिजिडबॉडीवर 'कंटिन्युअस' कोलिजन लावून काही होत नाही. ती सोय ठोस टकरींसाठी आहे, ट्रिगरला ती लागू पडत नाही. फिक्स्ड टाइमस्टेप (फिजिक्सच्या एका पावलाची वेळ) ०.०१ केला तर फरक पडतो खरा, पण फिजिक्सचं काम दुप्पट होतं. साध्या लॅपटॉपवर ते परवडत नाही.

ट्रिगरची उंची दीड ते दोन मीटर पुरे. त्याहून कमी ठेवली तर खड्ड्यावरून उसळलेली गाडी वरून निघून जाते, फार उंच ठेवली तर वरच्या पुलावरून जाणाऱ्या गाडीलाही खालचा पॅड लागतो.

एकाच फेरीत तीनदा बूस्ट

गाडी थेट तलावात जाण्याचं सर्वांत नेहमीचं कारण हे. 'ऑन ट्रिगर एंटर' गाडीमागे एकदा चालत नाही, कोलायडरमागे एकदा चालतं. बॉडी, पुढचा बंपर, मागचा बंपर असे तीन कोलायडर असतील तर १२ चे ३६ होतात: सेकंदाला ५० मीटरवरून ८६, म्हणजे ताशी सुमारे ३१०. आणि गाडी तिरकी आली, मागचा बंपर पॅडच्या कडेबाहेरून गेला, तर दोनदाच. म्हणून एकच पॅड दर वेळी वेगळा वागतो असं वाटतं.

पॅडने रिजिडबॉडी ओळखावी आणि तिला शेवटचा बूस्ट कधी दिला ती वेळ लक्षात ठेवावी. त्याच गाडीला त्याच पॅडकडून ०.५ सेकंदाच्या आत दुसऱ्यांदा काही नाही. एवढ्याने काम होतं.

इथे अनेक जण दुसरी पद्धत वापरतात: आत आली की गाडीचं नाव यादीत, बाहेर गेली की यादीतून काढायचं. दिसायला नीटनेटकी, पण पहिल्या फेरीत लागणारा आणि दुसऱ्या फेरीत मुका होणारा पॅड हिच्याच पोटी जन्मतो. गाडी पॅडवर असतानाच उलटली आणि रीस्पॉनसाठी (ती पुन्हा ट्रॅकवर उभी करण्यासाठी) तुम्ही ती बंद करून पुन्हा चालू केली, तर बाहेर पडल्याची खबर देणारं 'ऑन ट्रिगर एक्झिट' येतच नाही. नाव यादीत अडकून राहतं, पॅडला वाटतं गाडी अजून आतच आहे. वेळेची नोंद ठेवली तर हा घोळ होत नाही. रीस्पॉन करताना चालू असलेला बूस्टही थांबवा. नाहीतर किल्ल्याजवळ उलटलेली गाडी पार्क चौकात उभी राहताच स्वतःहून धावू लागते.

युनिटीऐवजी गोडो हे सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांना हे तीनतीनदा लागण्याचं दुखणं सहसा होत नाही, कारण तिथला 'बॉडी एंटर्ड' सिग्नल अख्ख्या बॉडीमागे एकदाच येतो. त्यांच्याकडे पाऊल सेकंदाला ६० आणि 'पुढे' म्हणजे उणे झेड, एवढं ध्यानात ठेवून बाकीचं वाचावं.

बूस्ट लागतो, पण टिकत नाही

सहा हजाराचा फोर्स दिला तरी गाडी ढिम्म? फोर्सचा प्रकार बघा. काहीच सांगितलं नाही तर युनिटी तो आकडा न्यूटन समजते आणि एका पावलापुरताच लावते. ६००० न्यूटन ०.०२ सेकंद लावले की १२०० किलोच्या गाडीचा वेग सेकंदाला ०.१ मीटरने वाढतो. कुणाला कळणार? तोच ६००० चा आकडा 'इम्पल्स' म्हणून दिला तर सेकंदाला ५ मीटर मिळतात. 'व्हेलॉसिटी चेंज' दिला तर वस्तुमान बाजूला ठेवून आकडा थेट वेगात मिळवला जातो, आणि ६००० तसाच राहिला असेल तर गाडी नकाशाबाहेर. एका प्रकारासाठी ठरवलेला आकडा दुसऱ्या प्रकारात तसाच नेऊ नका.

ट्रॅकवर हलक्या-जड अशा वेगवेगळ्या गाड्या असतील तर वस्तुमान न बघणारे प्रकार घ्या. बूस्ट एका झटक्यात देण्याऐवजी 'अॅक्सिलरेशन' प्रकाराने ०.६ सेकंद, सेकंदवर्गाला २० मीटर असा द्या. भर तीच १२ ची होते. याला कारण चाकं. झटक्यात गाडीचा वेग वाढला तरी चाकं जुन्याच वेगाने फिरत असतात, व्हील कोलायडर त्याला घसरणं समजतो, पकड सुटते आणि गाडीची शेपूट फिरते. पॅड ओलांडल्याबरोबर गाडी किंचित डावी-उजवीकडे मान टाकत असेल तर बहुधा हेच आहे. स्टीअरिंगची स्क्रिप्ट उगाच उसवू नका.

तिसरा आकडा पडण्याची कारणं दोन. एक, गाडीच्या कंट्रोलरमधली कमाल वेगाची मर्यादा: ती दर पावलाला वेग ५० वर आणून ठेवते, म्हणजे आधीच ५० वर असलेल्या गाडीला बूस्ट मिळतो आणि ०.०२ सेकंदात काढूनही घेतला जातो. बूस्ट सुरू होताच मर्यादा ६२ करा आणि बूस्ट संपल्यावर दीड सेकंदात हळूहळू ५० वर आणा. दुसरं कारण लिनिअर डॅम्पिंग, म्हणजे वेग आपोआप ओसरवणारी सेटिंग (युनिटी ६ च्या आधी याचं नाव नुसतं ड्रॅग होतं). ०.५ डॅम्पिंगला १२ मीटरच्या जादा वेगातले एका सेकंदाने साधारण ७ उरतात, २ डॅम्पिंगला दीडच्या आसपास. गाडी वळणावर 'तरंगते' म्हणून डॅम्पिंग वाढवून ठेवलं असेल, तर बूस्ट त्यातच जिरतो.

आपल्या मशीनवर एक, दुसऱ्याच्या मशीनवर दुसरंच

बूस्टचा फोर्स 'अपडेट' फंक्शनमध्ये लिहिलाय. 'अपडेट' प्रत्येक फ्रेमला, म्हणजे पडद्यावरच्या प्रत्येक चित्राला चालतं, फिजिक्स ठरल्या पावलाने. फ्रेम रेट (सेकंदाला किती फ्रेम) १२० असेल तर एका पावलात सरासरी २.४ वेळा फोर्स जमा होतो, ४० असेल तर ०.८ वेळा. तिप्पट फरक, आणि कोडची एक ओळही बदललेली नाही. सोलापुरात मे महिन्यात पारा चाळिशीपार गेला की दुपारी हाच बग एकाच लॅपटॉपवरही दिसतो: मशीन तापतं, प्रोसेसर आपला वेग उतरवतो, फ्रेम रेट पडतो आणि सकाळी नीट लागणारा पॅड दुपारी मरगळतो. पंखा लावून दोष झाकू नका. बूस्टची ओळ 'फिक्स्ड अपडेट'मध्ये न्या.

खात्रीसाठी फ्रेम रेट पडद्याशी जुळवून ठेवणारा व्हीसिंक बंद करा (तो चालू असेल तर फ्रेम रेटची सक्ती चालत नाही), मग टार्गेट फ्रेम रेट एकदा ३० आणि एकदा १२० ठेवून त्याच पॅडवरून पाच-पाच वेळा जा. दुसऱ्या आकड्यात (बूस्ट संपल्या क्षणीच्या वेगात) सेकंदाला अर्ध्या मीटरपेक्षा जास्त फरक येऊ नये.

गाडी आकाशात किंवा भिंतीत

मॉडेल बनवायच्या ब्लेंडर सॉफ्टवेअरमध्ये 'वर' म्हणजे झेड, युनिटीत 'वर' म्हणजे वाय. त्यामुळे आयात केलेल्या पॅडवर बऱ्याचदा एक्स अक्षाभोवती उणे ९० अंशांचं वळण येतं आणि त्याची 'पुढची' दिशा आभाळाकडे होते. मॉडेल दिसायला अगदी रस्त्याला टेकलेलं, बाण पुढे रोखलेले, आणि गाडी मात्र सरळ वर. मॉडेलला रिकाम्या ऑब्जेक्टखाली ठेवा, ट्रिगर आणि स्क्रिप्ट त्या रिकाम्या ऑब्जेक्टवर लावा, आणि सीन खिडकीत 'लोकल' निवडून निळा बाण रस्त्याच्या दिशेने आहे ना ते बघा.

दिशा पॅडची घ्यायची की गाडीची? गाडीची घेतली तर आडव्या घसरणाऱ्या गाडीला पॅड भिंतीत ढकलतो, आणि उलट्या दिशेने येणाऱ्यालाही बक्षीस मिळतं. पॅडची घेतली तर उलट येणाऱ्याला एकदम ब्रेक लागल्यासारखं होतं. पॅडची दिशा घ्या, पण बूस्ट देण्याआधी गाडीच्या वेगाची दिशा आणि पॅडची दिशा यांचा डॉट गुणाकार (दोन दिशा किती जुळतात ते सांगणारा आकडा) बघा, ०.५ पेक्षा कमी, म्हणजे ६० अंशांहून जास्त तिरकी गाडी, तर काहीच देऊ नका. चढ-उतारावर ती दिशा रस्त्याच्या पृष्ठभागावर प्रक्षेपित करून घ्या, नाहीतर फोर्सचा काही भाग गाडीला जमिनीत दाबण्यात किंवा उचलण्यात जातो.

पॅडच्या मॉडेलला स्वतःचा ठोस मेश कोलायडर राहिला असेल तर तोही काढा. पाच सेंटीमीटरची कड ताशी १८० ला स्पीडब्रेकरसारखी लागते. चित्र रस्त्याच्या वर एक-दोन सेंटीमीटर ठेवलं की लुकलुकणंही थांबतं.

पॅडच्या पुढचा रस्ता हाही पॅडचाच भाग

तिन्ही आकडे बरोबर, तरी गाडी बाहेर जाते, ही तक्रार खरं तर सर्वांत रंजक. तयार एडिटर असलेल्या गेममध्ये कोड हाताशी नसतो, तिथे तर एवढंच हातात असतं.

तलावाकाठचा वळसा तुमच्या ट्रॅकवर १२० मीटर त्रिज्येचा धरा आणि टायरची पकड (घर्षण गुणांक) १. सपाट रस्त्यावर तो जास्तीत जास्त सेकंदाला ३४ मीटरने घेता येतो. ६२ ने आलेल्या गाडीचं पुढे काय होणार हे सांगायला नको. सेकंदवर्गाला १० मीटर ब्रेक धरला तर ५० वरून ३४ वर यायला ६७ मीटर लागतात, ६२ वरून १३४ मीटर. म्हणजे ब्रेकची जागा वळणाच्या अलीकडे जवळपास दुप्पट सरकली. त्यात खेळाडूला भानावर यायला अर्धा सेकंद, ते आणखी ३१ मीटर. बूस्ट संपल्यापासून वळणापर्यंत १६५ मीटर सरळ रस्ता नसेल तर तो पॅड तिथे नको. वळसा आतल्या बाजूला १५ अंश कलता केला तर तोच ४५ मीटरने घेता येतो, पण तलावाच्या कडेला कलता रस्ता बघायला विचित्र वाटतो. पॅड हलवणं बरं.

उंचवट्यांबाबत अंदाज हमखास चुकतो. पुलाच्या माथ्यावर गाडी जमिनीला चिकटून राहायची तर माथ्याची त्रिज्या वेगाच्या वर्गाला ९.८१ ने भागून येते त्यापेक्षा मोठी हवी: सेकंदाला ४० मीटरला १६३ मीटर, ५० ला २५५, ६२ ला ३९२. मुद्दाम उडी द्यायची असेल तर १० अंशांच्या रॅम्पवरून ४० ने निघालेली गाडी साधारण ५६ मीटरवर पडते, ५० ने निघालेली ८७ वर. वेग सव्वापट, उडी दीडपटीहून जास्त. म्हणून रॅम्पच्या अगदी आधी पॅड ठेवला तर उतरण्याची जागा बूस्ट घेतलेल्या आणि बूस्ट चुकलेल्या अशा दोन्ही गाड्यांसाठी बांधावी लागते. बहुतेक जण एकीसाठीच बांधतात.

आता शहराकडे बघा. चाटी गल्ली, मधला मारुती, बाळीवेस हा भाग हुबेहूब उतरवला तर तिथे पॅडला जागाच नाही. अरुंद रस्ते, पावलोपावली वळण. तिथला वेग खेळाडूच्या हातावर सोडा. पॅडसाठी आसरा चौकाकडे जाणाऱ्या होटगी रोडसारखा लांब पट्टा हवा. पॅड वळणातून बाहेर पडल्यावर १५-२० मीटरनी, गाडी सरळ झाल्यावर ठेवा, आणि रस्त्याच्या पूर्ण रुंदीचा करू नका. १० मीटर रस्त्यावर ३ मीटरचा पॅड, तोही सोप्या रेषेपासून थोडा बाजूला. मग तो घ्यायचा की सोडायचा हा खेळाडूचा निर्णय होतो. पूर्ण रुंदीचा पॅड म्हणजे नुसता उतार.

एकामागे एक पॅड ठेवले तर भर बेरजेने जाऊ देऊ नका. दुसऱ्या पॅडने बूस्टची वेळ पुन्हा ०.६ सेकंदांवर आणावी, मर्यादा मात्र ६२ च राहावी.

दिसणं

आकडे बरोबर असूनही 'जोर नाही' असं ऐकायला आलं तर फोर्स वाढवू नका. कॅमेऱ्याचा फील्ड ऑफ व्ह्यू (कॅमेऱ्यात मावणाऱ्या दृश्याचा कोन) ०.२ सेकंदात ६० वरून ७० अंशांवर न्या आणि बूस्ट ओसरताना सावकाश परत आणा. तेवढ्यानेच तक्रार बऱ्याचदा थांबते.

सोलापूर ट्रॅक म्हटल्यावर पॅडवर चादरीची नक्षी लावायचा मोह होतोच. जवळून ती फार देखणी दिसते, पण ताशी दोनशेला खेळाडूला तिच्यातून दिशा कळत नाही, आणि नक्षीचे बारीक रंग दुरून एकमेकांत मिसळून नुसता लालसर डाग उरतो. नक्षी कडेला ठेवा, मध्ये दोन-तीन ठळक बाण. गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेची रात्रीची आवृत्ती करणार असाल तर होम मैदानाच्या रोषणाईत चमकणारा पॅड हरवतो. तिथे पॅडचा रंग रोषणाईत कुठेही न वापरलेला एकच ठेवा आणि रस्त्याकडेला एक बाणफलक पॅडच्या १०० मीटर आधी उभा करा. ताशी १८० ला तेवढ्याने खेळाडूला दोन सेकंद मिळतात.